पानगळीच्या जंगलातील मुक्काम

वर्धा नदीच्या दक्षिणेस राजुरा, कोरपना आणि जिवती या तालुक्यांत, उत्तरेस ताडोबा-मोहर्लीच्या टापूत आणि वैनगंगेच्या पूर्वेस गडचिरोलीच्या बऱ्याच भागात पसरलेले जंगल, चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ मध्ये केलेल्या भारतीय वनांच्या वर्गीकरणानुसार, मुख्यतः ‘दक्षिणी उष्णकटिबंधीय शुष्क पानगळी वन’ या प्रकारात मोडते. पुढे आलापल्ली-भामरागडकडे पाऊस वाढत जातो तसे ते आर्द्र पानगळीकडे झुकते. येथे ‘शुष्क’ याचा अर्थ पाऊस कमी असा घ्यायचा नाही. चंद्रपूर परिसरात वर्षाकाठी साधारण १,२०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो देशावरच्या अवर्षणग्रस्त तालुक्यांच्या दुपटीहून अधिक आहे. परंतु त्यातील बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो आणि उरलेले आठ महिने जंगलाला साठवणीवर काढावे लागतात. उष्णकटिबंधीय वर्षावन म्हणून ज्या अरण्याची चित्रे सर्वांच्या डोळ्यांसमोर असतात, त्याची हवामानशास्त्रीय अट नेमकी उलटी आहे. वर्षातील सर्वांत कोरड्या महिन्यातही तेथे निदान ६० मिलिमीटर पाऊस पडावा लागतो, म्हणजे तेथे पाण्यावाचून कोणालाच थांबावे लागत नाही. प्राणी पाहण्यासाठी जंगलात राहायला येणाऱ्या माणसाच्या दृष्टीने या एका फरकातून बाकीचे जवळजवळ सगळे फरक निघतात.

वर्षावनात अन्न वर असते. तीस-चाळीस मीटर उंचीवर पानांचे छत एकसंध झालेले असते आणि जमिनीपर्यंत शेकडा दोन-तीनच उजेड पोहोचतो, त्यामुळे खाली गवत उगवत नाही आणि गवतावर जगणारे मोठे कळपही तेथे तयार होत नाहीत; माकडे, खारी, धनेश, फळे खाणारी वटवाघळे असे वृक्षवासी प्राणी मात्र विपुल असतात, पण ते पानांआड असल्याने कानांना जितके जाणवतात तितके डोळ्यांना दिसत नाहीत. पानगळीच्या जंगलाचे छत विरळ असते आणि वर्षातील काही महिने तर ते नसतेच, त्यामुळे सूर्यप्रकाश जमिनीवर उतरतो, गवत, झुडपे आणि बांबू वाढतात, आणि माणसाच्या उंचीच्या आत एवढा चारा तयार होतो की चितळ, सांबर, रानगवा, रोही आणि रानडुक्कर यांची दाटी त्यावर पोसली जाते. जेथे खुरांचे प्राणी दाट तेथे वाघ दाट, हा हिशेब सरळ आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील वाघांच्या संख्येचे श्रेय संरक्षणाला देताना, त्यामागे पानगळीने मोकळा केलेला उजेड आहे हे सहसा सांगितले जात नाही. छत एकसंध राहिले की काय होते हे याच राज्यात भीमाशंकरच्या सदाहरित जंगलात दिसते. तेथील शेकरू, म्हणजे महाराष्ट्राचा राज्यप्राणी असलेली मोठी खार, जमिनीवर क्वचितच उतरते. गडचिरोलीतही शेकरू आढळते, ती आलापल्ली-सिरोंच्याच्या उंच, फांद्यांना फांद्या भिडलेल्या जुन्या जंगलात. आलापल्लीजवळ अशा जुन्या सागवनाचा एक छोटा तुकडा तोडीविना राखलेला असून २०१४ मध्ये त्याला राज्यातील पहिले जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित करण्यात आले.

पानगळ ही झाडाची पाणी वाचवण्याची युक्ती आहे. पानाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म छिद्रांतून पाण्याची वाफ सतत बाहेर पडत असते, आणि मुळांना जमिनीतून मिळणारे पाणी या गळतीची भरपाई करीनासे झाले की पान झाडाला परवडत नाही. सगळी झाडे मात्र एकाच वेळी पाने टाकत नाहीत, आणि हे वेळापत्रक ज्याला कळते त्याला जंगल महिन्यागणिक वेगळे वाचता येते. हिवाळा सरता सरता साग उघडा पडू लागतो. सालई आणि कांडोळ यांची झाडे तोवर निष्पर्ण झालेली असतात आणि कांडोळाचे पांढुरके, गुळगुळीत खोड चांदण्यात इतके उठून दिसते की त्याला ‘भुताचे झाड’ असे नाव पडले आहे. फाल्गुनात पळस पानांशिवाय फुलतो. मोह पाने टाकतो आणि लगेच फुलावर येतो. ऐनाची खडबडीत, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल आगीपासून त्याचे रक्षण करते, आणि काही ऐनांच्या खोडात उन्हाळ्यातही पाणी साठलेले असते. खोडावर फुगवटा दिसला की तेथे घाव घालून पाणी काढण्याची माहिती जंगलात वावरणाऱ्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. नदी-नाल्यांच्या काठचे अर्जुन आणि जांभूळ मात्र ऐन वैशाखातही हिरवे राहतात. उंचावरून पाहिले असता करड्या जंगलातून वळणे घेत गेलेली ही हिरवी रेघ म्हणजे पाण्याचा नकाशाच असतो, आणि मुक्कामाला आलेल्याने पहिल्या दिवशी करण्याचे काम कोणते, तर ती रेघ ओळखणे.

गळून पडलेल्या पानांचा दुसरा परिणाम आवाजाचा आहे. सागाचे पान हातभर लांब असते आणि वाळले की पापडासारखे कडक होते, त्यामुळे एप्रिलच्या जंगलात कोणालाही मुकाट्याने चालता येत नाही. घोरपड चालली तरी माणूस दचकतो. रानकोंबडा पाने उकरू लागला की अस्वल आले असे वाटते. सरावलेला कान या खसखशीतील लय ऐकतो. पाने उकरणारा पक्षी दोन-चार झपाटे मारून थांबतो, मुंगूस अखंड सरसर करीत जाते, चितळ एक-एक पाऊल टाकून मध्ये थांबते, अस्वल मात्र कसलीच भीड न बाळगता पाने तुडवत येते. वाघ आणि बिबट्या याच कारणाने उन्हाळ्यात वाटांचा, नाल्यांतील वाळूचा आणि जाळरेषांचा, म्हणजे वणवा अडवण्यासाठी झाडझाडोरा काढून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यांचा, वापर करतात. पर्यटकांना वाघ रस्त्यावर चालताना दिसतो तो त्यांच्या गाडीला सरावला आहे एवढ्यामुळेच दिसतो असे नव्हे. पानांवरून चालणे शिकाऱ्याला परवडत नाही, हेही त्यामागील कारण आहे.

चैत्र-वैशाखात नाले तुटतात, म्हणजे वाहते पाणी थांबून जागोजाग डोह उरतात, मग डोहही आटतात आणि पाणवठे मोजकेच राहतात. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४६-४७ अंशांवर जातो. अशा वेळी पाणवठ्यापासून योग्य अंतरावर, वाऱ्याच्या खालच्या बाजूस, झाडावरील मचाणावर किंवा लपणीत पहाटेपासून बसून राहिल्यास जंगलाचा एक दिवस आपोआप समोरून सरकतो. पहाटे मोर आणि चितळे येतात. चितळांचा कळप पाण्याजवळ येऊन उभा राहतो, एखादी म्हातारी मादी पुढे होते, कान वळवत राहते, आणि तिने मान खाली घातल्यावरच बाकीच्या माद्या आणि पाडसे पाण्याला तोंड लावतात. ऊन चढल्यावर वानरांची टोळी उतरते, पण सगळी एकदम नाही. एक-दोन नर झाडावर राहतात. भर दुपारी, माणसाला पाहण्यासारखे काही उरले नाही असे वाटते तेव्हा, पाण्याच्या कडेच्या चिखलावर आग्या माश्यांची झुंबड उडते, कारण पोळे थंड ठेवण्यासाठी त्यांना पाणी वाहून न्यावे लागते. स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर लांब शेपटीसह फांदीवरून पाण्यावर सूर मारतो, पंख भिजवून परत फांदीवर बसतो आणि हे पुन्हापुन्हा करतो. सर्पगरुड काठावर येऊन तासभर पाण्यात पाय बुडवून उभा राहतो. याच सुमारास वाघही पाण्यावर येतो, आणि पिऊन निघून जाण्याऐवजी पाठमोरा होऊन, शेपटीकडून हळूहळू पाण्यात शिरून बसून राहतो. मार्जारकुळातील बहुतेक प्राणी पाणी टाळतात, वाघ त्याला अपवाद आहे. तो बसला असेपर्यंत बाकीच्यांचे येणे थांबते. मात्र तहान फार झाली की चितळे दूरच्या काठाला उतरतातच, कारण दिसणारा वाघ त्यांच्या दृष्टीने न दिसणाऱ्या वाघापेक्षा बराच कमी धोक्याचा असतो. संध्याकाळी सांबर, त्यानंतर रानगवे, आणि अंधार पडल्यावर अस्वल, साळिंदर आणि उदमांजर, असा क्रम साधारणतः राहतो.

या क्रमात रानकुत्री बसत नाहीत. ती केव्हाही येतात, टोळीने येतात, आणि त्यांच्या येण्याने पाणवठ्याचे सगळे शिष्टाचार मोडतात. सांबराला रानकुत्र्यांनी घेरले की ते पाण्यातच जाऊन उभे राहते, कारण उंच प्राण्याला पाण्यात पाय टेकतात आणि कुत्र्यांना पोहावे लागते. ताडोबा तलावात असे प्रसंग घडतात, पण त्या तलावात मगरी असल्याने सांबराची सुटका तेथेही पक्की नसते.

डोळ्यांना मर्यादा असल्याने या जंगलातील निरीक्षणाचा मोठा भाग कानांनी होतो. शिकारी प्राण्याची चाहूल लागल्यावर खुरांचे प्राणी आणि वानरे जो ठरावीक आवाज काढतात त्याला इशारा-हाक म्हणता येईल. ताडोबाचे गाइड त्याला नुसते ‘कॉल’ म्हणतात आणि ‘कॉल चालू आहे’ हे वाक्य ऐकले की गाडीतील सगळ्यांचे श्वास रोखले जातात. वानर उंचावरून पाहत असल्याने त्याचा खकारणारा आवाज बहुधा प्रत्यक्ष पाहिल्यानंतरचा असतो. चितळाची किनऱ्या आवाजातील हाक सर्वांत अधिक ऐकू येते, पण ती फारशी विश्वासार्ह नसते. चितळ बिबट्याला, रानकुत्र्याला, कधी कोल्ह्याला आणि कधी अनोळखी हालचालीलाही ओरडते. भेकराचे भुंकणे दूरवर जाते, पण ते एकटे राहणारे जनावर असल्याने त्याची साक्ष पडताळायला दुसरे कोणी नसते. सांबराची ढोलावर थाप पडल्यासारखी जाड हाक मात्र गाइड गंभीरपणे घेतात, कारण सांबर उगाच ओरडत नाही, आणि ते एकाच जागी उभे राहून पुन्हापुन्हा ओरडू लागले तर वाघ चालतो आहे असे समजावे, अशी त्यांची धारणा असते. इशारा-हाकेचा उपयोग कळपाला सावध करणे एवढाच मानला जात असे, परंतु ती शिकाऱ्यालाही उद्देशून असते असे अनेक अभ्यासकांचे मत आहे, कारण दबा धरून मारणाऱ्या प्राण्याला आपण दिसलो हे कळले की त्याचा डाव संपतो आणि तो बहुधा निघून जातो.

पहिल्या पावसाबरोबर हे सगळे बदलते. आठवडाभरात खड्ड्याखड्ड्यांत पाणी साठते, पाणवठ्याचे महत्त्व संपते, प्राणी पांगतात आणि पुढे हिरवळ माणसाच्या उंचीची होते. मेच्या अखेरीस दाखल झालेला नवरंग पक्षी दोन सुरांची शीळ घालत घरटे बांधू लागतो, पावशा रात्रीही ओरडतो, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात सागाच्या पानांवर एक बारीक अळी पडून पानांचा हिरवा भाग खाते व शिरांची जाळी तेवढी मागे ठेवते, त्यामुळे ऐन पावसाळ्यात कित्येक टेकड्या वाळल्यासारख्या तांबूस दिसतात. ताडोबाचे गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटकांसाठी बंद असते. मोठे प्राणी पाहण्याच्या दृष्टीने त्यात विशेष काही बुडत नाही, आणि कोळी, फुलपाखरे, बेडूक यांचा अभ्यास करणाऱ्याला बफर क्षेत्राच्या कडेची गावेही पुरेशी असतात.

ताडोबा हे नाव तारू या गोंडांच्या देवतेवरून आले आहे. गावप्रमुख असलेला तारू वाघाशी झुंजताना मारला गेला अशी कथा आहे, तलावाकाठी त्याचे ठाणे आहे आणि तेथे पौषात यात्रा भरत असे. या जंगलातील शिकार १९३५ मध्ये बंद झाली. १९५५ मध्ये ११६.५५ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ मध्ये ५०८.८५ चौरस किलोमीटरचे अंधारी अभयारण्य झाले, १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला आणि २०१० मध्ये त्याभोवती सुमारे १,१०० चौरस किलोमीटरचे बफर क्षेत्र, म्हणजे गावे आणि शेती यांच्यासह राखलेला संरक्षक पट्टा, जोडण्यात आला. गाभ्यातील बोटेझरी, नवेगाव, जामणी यांसारखी गावे बाहेर हलवल्यावर त्यांच्या शेतजमिनींवर गवत वाढले, आणि आज तेथे चितळांचे जे मोठे कळप चरताना दिसतात ते कोणे एके काळच्या धानाच्या बांध्यांत चरत असतात, हे गाडीतून पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही. चंद्रपूरहून मोहर्लीमार्गे तलावाकडे जाणाऱ्या वाटेवर ठरावीक अंतराने उभे असलेले जुने दगडी खांबही असेच दुर्लक्षित राहतात. गोंड राजांच्या काळात त्यांवरून दोर नेऊन निरोप पोहोचवला जात असे, असे सांगितले जाते.

येथे येणारा पर्यटक आज ज्या पद्धतीने जंगल पाहतो ती पाणवठ्यावर बसण्याच्या अगदी विरुद्ध आहे. सकाळची आणि दुपारची अशा दोन फेऱ्या, प्रवेशद्वारावर नोंद, उघडी जिप्सी, सोबत गाइड, मंगळवारी सुट्टी, आणि चार तासांत जास्तीत जास्त पाणवठे गाठण्याची घाई, असा हा क्रम असतो. त्याला व्यवस्थापनाच्या दृष्टीने आधार आहे, कारण गाड्या मोजता येतात, रस्त्यांवर बांधून ठेवता येतात आणि लोकांना पायी सोडण्याचा धोका टळतो. शिवाय गाइड आणि चालक म्हणून भोवतालच्या गावांतील शेकडो तरुण-तरुणींना काम मिळाले आहे, ही गोष्ट लहान नाही. पण निरीक्षण म्हणून ही पद्धत गरीब आहे. ‘सायटिंग झाले का?’ या प्रश्नात सायटिंग म्हणजे वाघ दिसणे, बाकी सर्व वगळून, असे गृहीत धरलेले असते, आणि एका वाघाभोवती वीस गाड्या जमल्यावर जे दिसते ते वाघाचे वर्तन असते की गर्दीपुढील त्याची सहनशीलता असते, हे ठरवणे अवघड आहे. मराठीत जंगलातील मुक्कामाचे जे लेखन टिकले ते वेगळ्या सवयीतून आलेले आहे. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ हे विदर्भातीलच एका छोट्या जंगलात ठाण मांडून, पायी हिंडून आणि पाण्यावर बसून लिहिलेले पुस्तक आहे. आणि वनसेवेत आयुष्य घालवलेल्या मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांच्या लेखनाचा मोठा भाग गोंड, माडिया, कोरकू, पारधी आदी लोकांकडून ऐकून, पडताळून गोळा केलेल्या माहितीवर उभा आहे. हे दोघेही वाघाच्या मागे धावले नाहीत, म्हणून त्यांच्या पुस्तकांत वाघाखेरीज इतके प्राणी आहेत.

बसून पाहण्याची एक रात्र अजून शिल्लक आहे. वैशाख पौर्णिमेस, म्हणजे बुद्धपौर्णिमेस, राज्यातील अभयारण्यांत पाणवठ्यांवर मचाणे बांधून रात्रभर प्राणी मोजण्याची प्रथा आहे. चांदणे स्वच्छ आणि पाणी सर्वांत कमी, अशी ही वर्षातील रात्र असते. पूर्वी या मोजणीला वाघांच्या पंजांच्या ठशांची जोड असे. ओडिशाचे वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी रुजवलेल्या त्या पद्धतीत ठशाची काचेवर रेखाकृती काढून प्रत्येक वाघ ओळखण्याचा दावा केला जाई. २००५ च्या सुमारास राजस्थानातील सरिस्का येथे कागदोपत्री वाघ असताना प्रत्यक्षात एकही उरला नसल्याचे उघड झाले आणि ती पद्धत मोडीत निघाली. २००६ पासून दर चार वर्षांनी होणारी अखिल भारतीय गणना स्वयंचलित कॅमेऱ्यांवर आधारलेली आहे. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची रचना निराळी असल्याने छायाचित्रांवरून वाघ वेगळे ओळखता येतात, आणि किती वाघ पुन्हापुन्हा टिपले गेले यावरून न टिपल्या गेलेल्यांचाही संख्याशास्त्रीय अंदाज बांधता येतो. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला; २०१८ मध्ये तो ३१२ होता. मचाणावरील रात्र यामुळे गणना राहिली नाही, वनविभागही तिला आता ‘निसर्गानुभव’ म्हणतो, आणि ते योग्यच झाले. आकड्यांच्या ओझ्यातून सुटल्यामुळे मचाणावरील माणसाला रातव्याचा ठोकल्यासारखा आवाज किती वेळ अखंड चालतो याचीही नोंद करायला सवड मिळते.

गणनेचे सगळे काम कॅमेऱ्यांनी होत नाही. खुरांच्या प्राण्यांची संख्या ठरवण्यासाठी वनरक्षकांना आखलेल्या रेषांवरून पायी चालावे लागते, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबाच्या कोलारा भागात अशाच पायी पाहणीदरम्यान एका वनरक्षक महिलेचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. जंगल गाडीतून आणि जंगल पायी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट ज्यांच्या रोजच्या जगण्याचा भाग आहे त्यांचा विचार केल्याशिवाय राजुऱ्याच्या बाजूचे जंगल समजत नाही.

राजुरा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर तो नांदेडला आणि १९५९ मध्ये चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्याला जोडला गेला. येथील गोंड आणि कोलाम वस्त्यांचे नातेवाईक, बाजार आणि बोली आजही सीमेपलीकडे तेलंगणात पसरलेल्या आहेत, आणि जंगलही तसेच पसरलेले आहे. ते ताडोबासारखे राखीव नाही. त्यात सास्तीच्या कोळसा खाणी आहेत, गडचांदूरकडे सिमेंटचे कारखाने आहेत, मध्य चांदा वनविभागाचे सागाचे कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले तुकडे, आहेत, कापसाची शेते आहेत, आणि बल्लारपूरहून विरूरमार्गे तेलंगणात जाणारा लोहमार्ग जंगलाच्या मधून जातो. येथे मोहाचा हंगाम मार्च-एप्रिलमध्ये येतो. मोहाची फुले रात्री उमलतात आणि त्यांच्या मांसल, गोड, मेणचट पाकळ्या पहाटेआधीच टपटपू लागतात. उशीर केला की चितळे, सांबरे आणि अस्वले त्या खाऊन टाकतात, म्हणून बाया-माणसे टोपल्या घेऊन अंधारातच निघतात. वाकून फुले वेचणारा माणूस उंचीने आणि आकाराने चारपायी जनावरासारखा दिसतो. अस्वलाची नजर तशीही अधू असते, आणि दोघेही एकाच झाडाखाली, एकाच वेळी, एकाच वस्तूसाठी आलेले असतात. मे महिन्यात तेंदूपाने तोडण्याच्या वेळी हीच गाठ वाघाशी पडते. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची पद्धत आहे, आणि तीच आग भडकली की वणवा होतो. वनविभागाचा १५ फेब्रुवारी ते १५ जून हा अग्निहंगाम आणि मोह-तेंदूचा हंगाम एकमेकांवर पडतात ते याच कारणाने.

राजुरा आणि विरूर वनपरिक्षेत्रांत २०१९ पासून आठ जणांचा जीव घेतल्याचा ठपका असलेला ‘आरटी-१’ हा नर वाघ, अनेक महिन्यांच्या खटपटीनंतर, ऑक्टोबर २०२० मध्ये पिंजऱ्यात सापडला आणि त्याला नागपूरच्या गोरेवाड्याला हलवण्यात आले. त्याच्यासारख्या वाघांचे येथे असणे अपघाताने घडलेले नाही. ताडोबात जागा भरली की वयात आलेले नर बाहेर पडतात, आणि दक्षिणेकडे जाणाऱ्यांना २०२१ मध्ये अधिसूचित झालेले कन्हाळगाव अभयारण्य, राजुऱ्याचे जंगल आणि तेलंगणातील कवाल व्याघ्र प्रकल्प यांच्या दरम्यानचे तुटक-तुटक वनपट्टे ओलांडावे लागतात. अशा जोडपट्ट्यांना संचारमार्ग म्हणतात. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातील एका तरुण वाघाच्या गळ्यात २०१९ च्या सुरुवातीस रेडिओ पट्टा बांधला होता, म्हणून तो तेलंगणाच्या बाजूने फिरत फिरत, वर्ष संपण्याच्या सुमारास बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचल्याचे कळले. ज्यांच्या गळ्यात पट्टा नसतो त्यांचे प्रवास शेतकऱ्यांना आणि गुराख्यांनाच ठाऊक असतात.

या पट्ट्यात मुक्काम करणाऱ्या अभ्यासकाला वाघ दिसण्याची शक्यता ताडोबाच्या मानाने फारच कमी असते, त्यामुळे त्याला मागावर समाधान मानावे लागते, आणि माग वाचण्याची सर्वांत सोयीची जागा म्हणजे गावातून शेताकडे जाणारा पांदण रस्ता. सकाळी गुरे बाहेर पडण्याआधी तेथील मऊ धुळीत रात्रीचा सगळा हिशेब असतो. वाघाच्या ठशावर दवाच्या थेंबांनी बारीक खड्डे पाडले असतील तर तो दव पडण्यापूर्वी गेला. ठसा कोरा आणि कडा धारदार असतील तर उजाडताना गेला. ठशावरून मुंगळ्यांची वाट किंवा किड्याची रेघ गेली असेल तर त्याला बराच वेळ झाला. सायकलच्या चाकाचा माग ठशाला कापून गेला असेल तर माणूस वाघाच्या मागून आला, आणि ठसा चाकाच्या मागावर उमटला असेल तर वाघ माणसाच्या मागून आला. धुऱ्यावर राखणीला बसलेला शेतकरी सकाळी घरी परतताना हेच पाहतो, आणि त्यावरून त्या दिवशी गुरे कोणत्या बाजूला सोडायची हे ठरते.